मागचं काढून देणारे तांडेल

माझे रेवदंड्याचे घरमालक फोनवरची जाहिरात कधीही अर्ध्यात बंद करत नसत. जाहिरात लागली की ते बसल्या जागी सावरून बसत, चष्मा लुंगीला पुसत आणि शेवटपर्यंत बघत. गुडघ्याच्या तेलाची असो, इंग्रजी शिकवणीची असो नाहीतर बायकांच्या केसांच्या रंगाची असो. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, कोपऱ्यात फुली येते, ती दाबा की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाहुण्याला दारातून परत पाठवायला सांगत होते.

"मॅडम, फुकट देतो बिचारा. त्याचं दोन शबुद आयकाय नको?"

फुकट काय देतो, तर फोटोतलं मागचं काढून. आपण आपला फोटो घालायचा, एक बटण दाबायचं, की ते ॲप माणूस तेवढा ठेवतं आणि मागची भिंत, मोरी, दोरीवरचे परकर, सगळं पुसून पांढरं करतं. आज शाळकरी पोरांनाही यात नवल वाटत नाही. पण आमच्या घरमालकांना ते वाटलं आणि त्यांचं ते वाटणं शेवटपर्यंत ओसरलं नाही.

बँकेच्या नोकरीत माझी बदली रेवदंड्याला झाली तेव्हा त्यांच्या घरामागची खोली मी भाड्याने घेतली. मी साताऱ्याकडची, मासे न खाणारी. कोळीवाड्यात अशा बाईला लोक त्रास देत नाहीत, पण आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलतात. सगळं गाव घरमालकांना तांडेल म्हणायचं. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. जन्म दर्यात गेला, मग एका गुडघ्याने दगा दिला आणि त्यांनी होडी भाच्याच्या हवाली केली. पनवेलला दिलेल्या लेकीने, बाबा घरात बसून आईला छळतील म्हणून, त्यांना मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला. त्यामुळे ते आईसकट साऱ्या गावाला छळू लागले.

फोन ते गळ्यात बांधत. जाळ्याच्या नायलॉन दोरीने, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. होडीवर बिडी-काडी कोरडी ठेवायची सवय, दुसरं काय. बसायचे पडवीत, मासळीच्या रिकाम्या थर्माकोलच्या खोक्यावर. घरात चांगल्या खुर्च्या होत्या. पण खुर्चीत बसलं की माणूस म्हातारा दिसतो, असं त्यांचं मत होतं.

हे सगळं त्यांना फुकटच हवं असे. पैसे नव्हते असं मुळीच नाही. पण ॲपला पैसे देणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते ॲप दिवसाला थोडेच फोटो फुकट करून द्यायचं आणि मग पैसे मागायचं. पैसे मागितले की तांडेल नवीन नावाने नवीन खातं उघडत. खात्यांची नावं मासळीची होती. पापलेट, सुरमई, रावस अशी मोठी मंडळी आधी संपली. मी राहायला गेले तेव्हा ते मांदेलीपर्यंत उतरले होते. सकाळी बँकेत जायला निघावं तर हे खोक्यावरून सांगायचे, "बांगडा संपला मॅडम, आज मांदेली उघडली." पहिल्यांदा मी आपली हो हो म्हणून निघून गेले. शाकाहारी माणूस अशा बातम्यांवर काय बोलणार? पुढे मासे संपून ते खेकडे आणि शिंपल्यांवर आले. पासवर्ड मात्र सगळ्यांना एकच, होडीचं नाव. तो त्यांनी मला स्वतःहून सांगितला होता. नंतर कळलं की सगळ्या आळीला सांगितला होता.

त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. ते ऐकल्याशिवाय ते कुणाचाही फोटो हातात घेत नसत. "हे बगा, दर्यात मानसाच्या मागं काय असतं? काय न्हाय. पानी. म्हनून दर्यात मानूस कसा सोच्छ दिसतो. गावात येतो आनि घान होतो. मागं मोरी, मागं दोरी, मागं कोन ना कोन तोंड वासून उबा."

हे चालू असताना त्यांची बायको सुक्या बोंबलांची टोपली घेऊन आत-बाहेर करत असायची. मी तिला मावशी म्हणत असे. अंगाने लहान चणीची, आवाजाने दुप्पट. ती न थांबता म्हणायची, "दर्यात मागं आमी असतो, किनाऱ्यावर. पाठ असते ना यांची, दिसनार कसं?" तांडेल हे ऐकलं नाही असं दाखवत आणि फोटो घेत.

पहिला प्रयोग भाच्यावर झाला. भाच्याला एकदा घोळ मासा लागला. घोळ म्हणजे या लोकांची लॉटरी. भाच्याने तो दोन्ही हातांत छातीशी धरून फोटो काढून घेतला आणि मामाकडे दिला, मागचा बंदराचा धक्का आणि कुत्री काढायला. ॲपने धक्का काढला, कुत्री काढली आणि भाच्यालाही काढलं. पांढऱ्याशुभ्र कागदावर उरला तो घोळ, आणि त्याच्या खालून आलेली भाच्याची बोटं. भाचा हिरमुसला. तांडेलांनी फोटो पुन्हा पुन्हा पाहिला आणि निर्णय दिला, "मेन कोन ते ॲपला बराबर कळतं." तो फोटो त्यांनी कोळीवाड्याच्या ग्रुपवर टाकला. भाचा काही दिवस मामाच्या दारावरून न जाता मागच्या गल्लीने जात असे.

मग शेजारच्या मुलाचा, लग्न जमवायला द्यायचा फोटो. मुलगा चांगला, कंपनीत नोकरीला, पण त्याचा एकमेव बरा फोटो निळ्या पिंपाशेजारी काढलेला, आणि मागे कुणाचा तरी टॉवेल. तांडेलांनी पिंप आणि टॉवेल उडवले. मुलगा उजळून निघाला. फोटो मुरुडच्या बाजूला एका घरी गेला, मुलगी देखणी, त्यांनी बघायला यायचं ठरवलं. मंडळी आली तेव्हा मी तिथेच होते, कारण चहाचे कप माझे होते. मुलीची आत्या आत आली ती थेट मुलाच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. पोहे घेतले, चहा घेतला, पण नजर हलेना. मुलगा बिचारा लाजून दुसरीकडे तोंड फिरवी, की आत्याही खुर्ची सरकवून तिकडे. शेवटी मुलाच्या आईने विचारलं, काय बघताय? आत्याने पर्समधून फोटो काढून समोर धरला. पिंप आणि टॉवेलाबरोबर ॲपने मुलाचा डावा कानही नेला होता. आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कानाकडे लक्ष असतं कुणाचं?

तांडेल पडवीतून लंगडत आत आले, फोटो पाहिला, मुलाचा कान चिमटीत धरून जरा ओढून दाखवला आणि शांतपणे म्हणाले, "ॲप फुकटचं हाय. कान घरचा हाय."

लग्न जमलं. आत्याने लग्नात मला सांगितलं की कान असल्याचा इतका आनंद झाला, की बाकी काही बघायचं राहूनच गेलं.

मग ते पुढच्या पायरीवर गेले. नुसतं मागचं काढून त्यांचं समाधान होईना, ते मागे दुसरं काही घालू लागले. सुकी मासळी विकणाऱ्या बायका दुपारी पडवीत रांग लावत आणि तांडेल एकेकीला बर्फाच्या डोंगरावर पाठवत. नऊवारी, केसांत अबोली, हातात सुकटीचं माप, मागे बर्फ. एकीच्या भावाचा उरणहून फोन आला. बहीण परदेशात जाऊन आली आणि त्याला सांगितलंदेखील नाही, म्हणून तो रडत होता. तिनेही लगेच खरं सांगितलं नाही. "मना पन वाटत व्हतं ना जरा, जाऊन आल्यासारखं," असं ती मला म्हणाली. तिच्या जागी मी असते तर मीही सांगितलं नसतं.

या सगळ्या काळात मावशीचा फोटो मात्र तांडेलांना एकदाही काढता आला नाही. मावशी फोन दिसला की उठून जायची. पुढे माझ्या ते लक्षातही राहिलं नाही. मग तिला धाप लागू लागली.

टोपली घेऊन आत-बाहेर करताना ती मध्येच थांबायची आणि खांबाला धरून उभी राहायची. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाची झडप खराब झाली आहे, मुंबईला नेऊन ऑपरेशन करा. मावशीने ते ऐकलं आणि बोंबील उलटायला गेली. तांडेल मात्र माझ्या दारात येऊन उभे राहिले. फोन हातात, पिशवीतून बाहेर काढलेला.

"मॅडम, हिचा एकबी फोटो न्हाय."

मी म्हटलं, असेल की, लेकीच्या लग्नातला तरी असेल. तर म्हणाले, "हाय. सगल्यात हाय. मागं हाय."

आम्ही बसून बघितले. खरोखरच ती सगळ्या फोटोंत होती. लेकीच्या लग्नात नवरा-नवरीच्या मागे, आरतीचं ताट घेऊन, अर्धी. नारळी पौर्णिमेला होडीच्या मागे, पाठमोरी. नातवाच्या बारशाला दारात, कुणाच्या तरी खांद्यावरून डोकावताना. तांडेलांनी एकेक फोटो ॲपला घातला होता. ॲपने लेक ठेवली, जावई ठेवला, होडी ठेवली. बारशाच्या फोटोत पाळणा आणि पेढ्यांचं ताट ठेवलं. मावशीला प्रत्येक वेळी पुसलं. त्यांनी उरलीसुरली सगळी मासळी संपवली होती, शिंपल्यांतल्या तिसऱ्यांसकट. "तिसऱ्यांनीबी काडली तिला," ते म्हणाले. ॲपवर त्यांना चिडलेलं मी त्याच दिवशी पाहिलं. त्या दिवशी त्यांनी जाहिरातही अर्ध्यात बंद केली.

मग मला म्हणाले, "तिकडं काय झालं तर मी कुनाचा तोंड बगू?" आणि फोन पुन्हा पिशवीत घालू लागले. गाठ त्यांना बसेना. जन्मभर दोरखंडांच्या गाठी मारलेला माणूस, मीच ती मारून दिली. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चोरून फोटो काढायचा उद्योग आरंभला. माडाच्या आड उभे राहायचे. पण त्यांच्यासारख्या सुटलेल्या पोटाच्या माणसाला आडोसा द्यायला एक माड पुरत नाही. एकदा ते न्हाणीच्या भिंतीमागून वाकले, गुडघा अडकला आणि फोटो काढता काढता "अगो, धर" म्हणून तिलाच हाक मारावी लागली. तिने त्यांना उभं केलं, फोन काढून घेतला आणि पाण्याने भरलेल्या बादलीवर धरला. नंतर दयेने परत दिला.

मी तिला एकटीला गाठून विचारलं, एका फोटोने काय बिघडतं? तिने मला घरात नेलं आणि भिंत दाखवली. तिच्या सासूचा फोटो होता, चंदनी हार घातलेला, मागे पांढरं.

"बाय, ही कुनाच्या तरी लग्नात उबी होती. ती गेल्यावर तिला तिथनं कापून काडली. आमच्यात बाईचा एकटीचा फोटो कवा लावतात? हार घालायचा असतो तवा." मग बाहेर खोक्याकडे हात करून म्हणाली, "आनि यांना मागचं सगलं काडून पायजे. मागं काय न्हाय, बाजूला कोन न्हाय, अशी बाई म्हंजे मेलेलीच ना. मी अजून हाय."

मी बाहेर येऊन हे तांडेलांना जसंच्या तसं सांगितलं. त्या दुपारी दोन बायका बर्फावर जायला आल्या होत्या, त्यांना ॲप बंद आहे म्हणून परत पाठवलं.

मुंबईला निघायच्या सकाळी गाडी दारात उभी होती. लेक आली होती, भाचा सामान ठेवत होता. मावशीने चांगलं लुगडं नेसून, नथ घालून, पडवीत येऊन हुकूम सोडला, "काडा काय काडायचा तो. पन एकटीचा न्हाय. तुमीबी बसा. आनि मागचं कायसुद्दा काडायचं न्हाय. बोंबीलसुद्दा न्हाय."

फोन माझ्याकडे आला. तांडेल खोक्यावर बसले. मावशी शेजारी बसली, पण मी बटण दाबणार तेवढ्यात ती उठली आणि सवयीने त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. मी पुढे या म्हटलं, तर म्हणाली, "हितनंच बरं दिसतं." तर तो फोटो असा आहे. पुढे तांडेल, घाबरलेले, तोंड किंचित उघडं. मागे मावशी, खांबाला धरून. त्यांच्या मागे बांबूवर बोंबील, निळं पिंप, आणि पिंपावर मांजर. आजवर मी काढलेल्या फोटोंत हा सगळ्यात गिचमिड आहे.

ऑपरेशन नीट झालं. मावशी परत आली ती आवाज आणखी चढवून. हॉस्पिटलच्या जेवणाबद्दल ती पुढे कित्येक महिने बोलत होती. तांडेलांचं दुकान पुन्हा सुरू झालं, बायका पुन्हा बर्फावर जाऊ लागल्या, नव्या खात्यांना आता भाज्यांची नावं पडू लागली, बहुधा माझा मान म्हणून. तो सकाळचा फोटो मात्र त्यांनी कुठल्याच ॲपला दाखवला नाही. मी बदली होऊन साताऱ्याला निघाले, तेव्हा पिशवीतून फोन काढून तेवढा एक मला पाठवला आणि म्हणाले, "असूदे तुमच्याकडंबी. फोनचं काय, पान्यात पडतो."

गेल्या वर्षी भाच्याचा फोन आला की मामा गेले. दुपारी पडवीतच, खोक्यावर बसल्या बसल्या, भिंतीला टेकून. छातीवर फोन होता आणि जाहिरात चालू होती. त्यांनी अर्ध्यात सोडलेली ती दुसरी, पहिली कोणती ते मला ठाऊक होतं. मी हसले आणि मग खूप रडले.

भाच्याला नाक्यावर बॅनर लावायचा होता. साऱ्या गावाचे फोटो केलेल्या माणसाचा स्वतःचा धड एक फोटो नव्हता. मामांचा फोन लॉक होता, आणि आळीभर पसरलेला पासवर्ड नेमका त्यालाच चालत नव्हता. म्हणून मी माझ्याकडचा फोटो पाठवला. भाच्याने तो मामांच्याच ॲपला घातला. या वेळी काम चोख झालं. पांढऱ्यावर तांडेल, दोन्ही कानांसकट. मागचं सगळं साफ.

मी दुसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा मावशी तो फोटो भाच्याच्या फोनवर बघत होती.

"ह्यो कोन?"

"मामा, मामी."

"मागचं कुठं गेलं?"

"काडलं. बॅनरला तसाच लागतो."

"मागं मी व्हते."

भाच्याने तिला समजावलं. वर भावपूर्ण श्रद्धांजली लिहायचंय, मामी. तू जिवंत हायस. लोक काय म्हनतील, अपशकून हाय. लेकीनेही समजावलं. जिने एकटीचा फोटो हाराच्या भीतीने कधी काढू दिला नाही, ती श्रद्धांजलीच्या बॅनरवर स्वतःहून उभी राहायला निघाली होती. मी मध्ये पडले नाही. मावशीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जिवंत हाय ना? मग दिसूदे. मांजरबी राहूदे."

बॅनर तसाच लागला. बोंबील, पिंप, मांजर, सगळ्यांसह. छापणाऱ्याने हार घातला तो तांडेलांच्याच गळ्याभोवती, पण हार मोठा, आणि त्याचं एक टोक मावशीच्या पदरापर्यंत गेलं.

त्याच दिवशी मुरुडकडचे पाहुणे एसटीने आले. तीच आत्या, कानवाली, तिचा नवरा आणि आणखी दोघी. तांडेल गेल्याचं त्यांना कळलं होतं म्हणूनच ते निघाले होते. नाक्यावर उतरून बॅनर पाहिला आणि तिथेच त्यांनी गळा काढला. घरापर्यंत रडत आले. मी ओट्यावर होते. आत्या माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "दोगंबी एकदम गेली गो. मांजरबी गेली."

मी काही सांगायच्या आत दार उघडलं आणि मावशी बाहेर आली, हातात पाण्याचा तांब्या. आत्याचा नवरा खाली बसला. एक बाई "आई गो" म्हणून माझ्या मागे लपली. मांजर मावशीच्या पायांतून बाहेर येऊन पिंपावर चढली.

"बसा," मावशी म्हणाली. "हार फकस्त पुढच्याला हाय. नीट बगत न्हाय तुमी."

पाणी पिऊन आत्या जरा सावरली. मग तिला रागच आला. "पन तू कशाला उबी राहिलीस तिथं? कुनी असं करतं?"

मावशी रिकाम्या खोक्याकडे बघत होती. एरवी तिचा आवाज बंदरापर्यंत जायचा, पण हे तिने हळू सांगितलं.

"दर्यात गेले तवा पाठ असायची त्यांची. मागं कोन उबं हाय, कवा दिसलंच न्हाय त्यांना. आता तोंड हिकडं करून बसलेत, तर मी मागनं निघून जाऊ कशी?"

मग तिने डोळे पुसले आणि चहात साखर कुणाकुणाला चालत नाही ते विचारलं.